बाराव्या फ्रेटपुढचा बझ पुन्हा पुन्हा का परततो: नेकच्या टाचेचे निदान आणि दुरुस्ती

इलेक्ट्रिक गिटार आणि बास यांच्या नेकबाबत, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याबाबत, एक तक्रार अशी आहे की ती दूर झाली असे वाटते आणि दोन-तीन महिन्यांत जशीच्या तशी परत येते. बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजवलेला स्वर खरखरतो, पातळ तार खेचून स्वर चढवायला गेले की तो मध्येच गुदमरतो, आणि बासवर सातव्या-आठव्या फ्रेटवर दाबलेली जाड तार जरा जोरात छेडली तरी ती शेवटच्या फ्रेटांवर आपटते. फ्रेट घासून एका पातळीत आणले की वाद्य काही काळ स्वच्छ बोलते. मग हवा बदलते किंवा नव्या तारा चढतात, आणि बझ, म्हणजे ती खरखर, त्याच जागी पुन्हा ऐकू येतो.

एकाच स्वरावर येणारा बझ या लेखाच्या कक्षेबाहेर आहे, कारण त्याचे मूळ बहुधा पुढचा एखादा फ्रेट उंच असणे किंवा खाचेतून सैल होणे एवढेच असते. तीन फ्रेटांवर आडवी टेकणारी छोटी सरळ पट्टी डुलली की उंच फ्रेट सापडतो आणि लाकडी ठोकळीने दाबल्यावर हलला की सैल फ्रेट सापडतो. केवळ मोकळ्या तारेवर येणारा बझ प्रथम नटच्या, म्हणजे नेकच्या डोक्याकडे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत शोधावा. येथे विषय आहे तो साधारण बाराव्या ते शेवटच्या फ्रेटपर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यात येणाऱ्या आणि दुरुस्तीनंतरही परतणाऱ्या बझचा.

या तक्रारीत बहुतेक जण एका ठरावीक फेऱ्यात अडकतात. वरच्या फ्रेटांवर बझ आला म्हणून ट्रस रॉड (नेकच्या आतली समायोज्य धातूची सळई) सैल करून नेकला पुढे बाक दिला जातो. त्याने मधल्या भागात तारा उंच होतात, पण बाक वाढल्यामुळे शेवटच्या फ्रेटांचा चढ तारेच्या मानाने अधिकच तीव्र होतो, म्हणून सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधला तारेचा टेकू) वर उचलावे लागते. आता वाद्य हाताला जड लागते, म्हणून रॉड पुन्हा कसला जातो. तो प्रमाणाबाहेर कसला गेला की पहिल्या पाच फ्रेटांवर नवा बझ सुरू होतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. या साऱ्या खटपटीत ज्या जागी दोष आहे तिला कोणी हातच लावलेला नसतो.

ट्रस रॉडचे काम मर्यादित आहे आणि ती मर्यादा समजून घेतल्याशिवाय निदान होत नाही. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅक्ह्यू यांना अशा समायोज्य रॉडचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले. फेंडरच्या १९५० सालच्या अगदी सुरुवातीच्या काही सॉलिड बॉडी गिटारांच्या नेकमध्ये रॉड नव्हता, पण तो त्याच वर्षी घालावा लागला, कारण धातूच्या तारांचा ताण मेपलसारखे कठीण लाकूडही दीर्घकाळ सरळ राहू देत नाही. ०.०१० इंचापासून ०.०४६ इंचापर्यंतचा तारांचा संच २५.५ इंच स्केलवर (नट ते सॅडल या तारेच्या लांबीवर) साध्या सुरावटीत लावला तर सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४७ किलो भरतो. ०.००९ इंचापासूनच्या हलक्या संचाचा तोच ताण सुमारे ३८ किलो असतो, तर ३४ इंच स्केलच्या चार तारांच्या बासवर तो ७५ ते ८० किलोच्या घरात जातो. हा ताण नेकला पुढे वाकवतो आणि रॉड त्याच्या विरुद्ध दिशेने जोर लावतो. मात्र हा जोर नेकच्या सडपातळ भागात, म्हणजे ढोबळमानाने तिसऱ्या ते बाराव्या फ्रेटच्या दरम्यान, परिणाम करतो. त्यापुढे नेक जाड होत जाऊन टाच सुरू होते आणि ती टाच स्क्रूंनी बॉडीला आवळलेली असते, त्यामुळे तेथे रॉड जवळजवळ निष्प्रभ असतो. शेवटचे सहा-सात फ्रेट वर उचलले गेले असतील, तर रॉड कितीही फिरवला तरी ती उचल तशीच राहते.

नेहमीच्या मापात लपलेली चूक

पुढचा बाक, ज्याला सगळे रिलीफ म्हणतात, तो मोजण्याची रूढ पद्धत अशी आहे: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी चिमटी) लावायचा, तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यामधील फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) मोजायची. गिटारसाठी साधारण ०.२५ मिलिमीटर आणि बाससाठी ०.३० मिलिमीटर हे आरंभबिंदू म्हणून चांगले आकडे आहेत. परंतु शेवटचा फ्रेटच उचललेला असेल, तर ही पद्धत आपल्याला फसवते. ६४८ मिलिमीटर स्केलच्या नेकवर पहिल्यापासून चौदाव्यापर्यंतचे सगळे फ्रेट अगदी एका रेषेत आहेत आणि बाविसावा फ्रेट त्या रेषेपेक्षा ०.२ मिलिमीटर वर आहे असे धरून भूमिती मांडली, तर आठव्या फ्रेटपाशी सुमारे ०.१ मिलिमीटर फट दिसते. म्हणजे नेकला मुळीच बाक नसताना गेज बाक दाखवते, आणि प्रत्यक्षात ०.१५ असलेला बाक आपण ०.२५ म्हणून नोंदवतो. या चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून रॉड कसणाऱ्याच्या हाती पहिल्या फ्रेटांवरचा बझ येतो तो यामुळेच.

म्हणून अशा वाद्यावर तार शेवटच्या फ्रेटवर न दाबता नेक जेथे बॉडीला मिळतो त्याच्या थोडे अलीकडे, म्हणजे चौदाव्या फ्रेटवर दाबावी आणि फट सहाव्या फ्रेटपाशी मोजावी. अंतर कमी झाल्यामुळे येथे आकडा लहान येतो. माझ्या कामात मी गिटारवर या पद्धतीने ०.१२ ते ०.१५ मिलिमीटर धरतो. दोन्ही पद्धतींनी मोजलेले आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले आणि रूढ पद्धतीचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला, तर उचलीचा पहिला पुरावा तेथेच मिळतो.

मोजण्यापूर्वी वाद्य किमान एक दिवस त्याच खोलीत, नेहमीच्या तारा नेहमीच्या सुरात लावून ठेवावे. प्रवासातून किंवा बंद पेटीतून नुकत्याच काढलेल्या वाद्याचे माप घेऊन काढलेला निष्कर्ष मी विश्वासार्ह मानत नाही.

उचल प्रत्यक्ष पाहणे

तारा उतरवून रॉड अशा बेताने फिरवावा की पहिल्या ते बाराव्या फ्रेटपर्यंतचा भाग सरळ पट्टीखाली शक्य तितका सपाट येईल. एका वेळी आठवा हिस्सा फेरा, फार तर पाव फेरा, आणि त्यानंतर लाकडाला काही मिनिटे वेळ द्यावा. पाना रॉडच्या नटमध्ये पूर्ण बसल्याशिवाय जोर लावू नये. नेकनुसार १/८ इंचाची, ३/१६ इंचाची, आणि इतर अनेकांत ४ किंवा ५ मिलिमीटरची अॅलन की लागते. जवळपासच्या मापाची की चालवून घेतली की नटचा षटकोन झिजतो आणि मग साध्या दुरुस्तीचे मोठे काम होऊन बसते.

बारा फ्रेटांचा भाग सपाट झाल्यावर पट्टी पूर्ण लांबीवर ठेवावी. उचल असेल तर पट्टी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर टेकते आणि बाराव्या ते पंधराव्या फ्रेटच्या आसपास खालून उजेड दिसतो. चौदाव्या फ्रेटवर मोजलेली फट म्हणजे शेवटच्या फ्रेटच्या खऱ्या उचलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असतो, तेव्हा ०.१५ मिलिमीटरची फट मिळाली तर शेवटचा फ्रेट साधारण ०.२ मिलिमीटर वर आहे असे समजावे. ही मोजणी जाड तारेखाली आणि पातळ तारेखाली अशी दोन्ही बाजूंनी करावी. दोन बाजूंचे आकडे ठळकपणे वेगळे आले तर नेकला पीळ आहे किंवा टाच पॉकेटात, म्हणजे बॉडीतल्या तिच्या खोबणीत, तिरकी बसली आहे, आणि या दोहोंतले नेमके कोणते हे पुढच्या चाचणीत कळते.

स्क्रू काढून केलेली चाचणी

मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाची वाटणारी आणि सर्वांत क्वचित केली जाणारी चाचणी हीच आहे. तारा नसताना, नेक बॉडीला आवळलेला असताना उचल मोजून लिहावी. नंतर चारही स्क्रू काढून नेक वेगळा करावा, रॉडला हात लावू नये, नेक मऊ कापडावर ठेवून तीच पट्टी त्याच जागी ठेवावी आणि पुन्हा मोजावे. आकडा जवळजवळ शून्यावर आला, तर लाकूड निर्दोष आहे आणि पॉकेट व स्क्रू मिळून टाचेला वाकवत आहेत. आकडा तसाच राहिला, तर उचल लाकडातच मुरलेली आहे. दोन्हींचा थोडा थोडा वाटा निघाला, तर प्रथम पॉकेटाचे काम करावे.

ही चाचणी न करता फ्रेट घासणे म्हणजे वाकलेल्या अवस्थेतील टाच प्रमाण मानून धातू काढून टाकणे होय. पुढे कोणी स्क्रू सैल करून पुन्हा आवळले, टाचेखालची पाचर बदलली किंवा लाकूड थोडे हलले, की टाच वेगळ्या प्रकारे वाकते आणि घासलेले फ्रेट त्या नव्या आकाराशी जुळत नाहीत. मी बनवलेल्या एका बास नेकवर हे माझ्या हातून घडले आहे. मेपलचा नेक आणि रोझवुडचा बोर्ड (फ्रेट बसवलेली वरची फळी) असलेल्या त्या नेकचे फ्रेट मी एका वर्षात दोनदा घासले. दोन्ही वेळा काम नीट झाले होते आणि दोन्ही वेळा बझ परत आला. तिसऱ्यांदा नेक उतरवला तेव्हा पट्टीखालचा उजेड नाहीसा झाला आणि त्याच क्षणी कारण स्पष्ट झाले. सुरुवातीला १.४ मिलिमीटर उंच असलेले शेवटचे फ्रेट तोवर इतके खाली गेले होते की ते बदलण्यावाचून मार्ग उरला नाही. ज्यांनी स्वतःचा नेक घडवला आहे त्यांनी कानस हातात घेण्यापूर्वी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा, असा माझा आग्रह या अनुभवातून आलेला आहे.

पॉकेट, पाचर आणि स्क्रू

नेक उतरवल्यावर उचल नाहीशी होत असेल तर पॉकेटाचा तळ तपासावा. तळाच्या पुढच्या किंवा मागच्या कडेला साचलेला रंगाचा कंगोरा, जुन्या चिकटपट्टीचा तुकडा, राउटरने सोडलेली छोटी पायरी, एवढ्यानेही टाच दोन टोकांवर तोलून राहते आणि मधले स्क्रू तिला खाली ओढतात. पॉकेटात कार्बन पेपर उताणा ठेवून नेक हलकेच आवळून पुन्हा काढला, तर टाच नेमकी कोठे टेकते ते तिच्या खालच्या पृष्ठभागावर उमटते. ठसे फक्त दोन टोकांना उमटले असतील तर मधला भाग अधांतरी आहे. सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर चिकटवून उंचवटे घासावेत. पॉकेटातील लाकूड खोल जाईल असे काही करू नये.

तथापि सर्वांत जास्त वेळा सापडणारी वस्तू म्हणजे पॉकेटाच्या ब्रिजकडील टोकाला घातलेली अरुंद पाचर. नेकचा कोन मागे झुकवण्यासाठी पुठ्ठ्याचा, पॉलिश पेपरचा किंवा लाकडी पापुद्र्याचा छोटा तुकडा तेथे ठेवण्याची रीत फार जुनी आहे. ती अनेक वाद्यांत वर्षानुवर्षे कोणताही त्रास न देता टिकलेलीही आढळते, म्हणून प्रत्येक पाचर दोषी आहे असे मी म्हणणार नाही. पण यातील यांत्रिक रचना पाहिली पाहिजे. टाच पुढे पॉकेटाच्या कडेवर आणि मागे पाचरीवर टेकते, मध्ये पोकळी राहते, आणि स्क्रू त्या पोकळीच्या दिशेने ओढत राहतात. कठीण, कोरडी आणि जाड टाच हा ताण सोसते. टाच पातळ केलेली असेल किंवा लाकूड मऊ असेल तर ती हळूहळू वाकते आणि बोर्डाचे शेवटचे टोक वर येते. ज्या नेकवर उचल परत येते त्यावर ही शक्यता आधी दूर करावी, कारण तिला काढण्याचा खर्च काहीच नाही.

कोन हवाच असेल तर पाचर पॉकेटाच्या पूर्ण लांबी-रुंदीची आणि एका टोकाकडे शून्यापर्यंत निमुळती होत जाणारी असावी. ती किती जाड करावी याचा हिशेब आधी करावा. पॉकेटाची लांबी साधारण ७६ मिलिमीटर आणि पॉकेटाच्या पुढच्या कडेपासून ब्रिजपर्यंतचे अंतर साधारण २५७ मिलिमीटर धरले, तर मागच्या टोकाला ०.२५ मिलिमीटर जाड असलेली पाचर बोर्डाच्या पृष्ठभागाची रेषा ब्रिजपाशी सुमारे ०.८५ मिलिमीटरने वर नेते, म्हणजे सॅडल जवळजवळ तेवढेच वर उचलावे लागते. कोनाच्या भाषेत हे एक पंचमांश अंशापेक्षाही कमी आहे. हे गणित न करता घातलेल्या पाचरी बहुधा गरजेच्या दुप्पट जाड निघतात. मेपलचा पापुद्रा उतरत्या ठोकळ्यावर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवून पॉलिश पेपरवर घासला की अशी पाचर तयार होते. स्क्रूंची छिद्रे मात्र पाचर जागेवर ठेवूनच पाडावीत.

स्क्रूंबाबत एक गोष्ट नेक नव्याने बसवणाऱ्यांकडून हमखास सुटते. बॉडीतील छिद्रातून स्क्रू मोकळेपणाने आरपार जायला हवा आणि त्याचे आटे फक्त नेकच्या लाकडात रुतायला हवेत. नेहमीच्या सुमारे ४.२ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूसाठी बॉडीत ४.८ मिलिमीटर आणि मेपलच्या नेकमध्ये ३.२ मिलिमीटर छिद्र योग्य ठरते. बॉडीतही आटे रुतत असतील तर स्क्रू घट्ट लागल्याचा भास होतो, पण टाच आणि पॉकेटाचा तळ यांच्यामध्ये केसाएवढी फट तशीच अडकून राहते. तारांच्या ताणाने पुढे ती फट मिटते किंवा सरकते, आणि नेकचा कोन आपोआप बदलतो. वर सांगितलेल्या माझ्या बासवर अरुंद पाचर आणि घट्ट छिद्रे हे दोन्ही दोष एकत्र होते. छिद्रे मोकळी केली, पाचर बदलली, नेकमधील छिद्रांच्या तोंडाशी वर आलेले लाकडाचे कंगोरे खरवडून काढले, आणि त्यानंतर स्क्रू तिरपे-समोरासमोरचे असे क्रमाने आवळले. स्क्रू पिळून काढल्यासारखे आवळण्याची गरज नसते. स्क्रूंच्या माथ्यांखालची धातूची पट्टी बॉडीच्या लाकडात रुतू लागली तर जोर जास्त झाला आहे.

उचल लाकडातच असेल तर

नेक उतरवूनही उचल राहिली, तर पहिला प्रश्न ओलाव्याचा विचारावा. कठीण मेपलमधील ओलावा एक टक्क्याने वाढला की ते लाकूड वार्षिक वलयांना छेदणाऱ्या दिशेने सुमारे ०.१६५ टक्के आणि वलयांच्या बाजूने सुमारे ०.३५ टक्के फुगते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. हवेतील आर्द्रता ४० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेली आणि लाकडाला पुरेसा वेळ मिळाला, तर त्यातील ओलावा साधारण ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर जातो. २५ मिलिमीटर जाड टाचेत या चार टक्क्यांचा अर्थ, वलये बोर्डाला समांतर असतील तर ०.१६ मिलिमीटर आणि काटकोनात असतील तर ०.३५ मिलिमीटर जाडीवाढ असा होतो. उभ्या वलयांचे लाकूड नेकसाठी नेहमीच श्रेष्ठ असते असे सरसकट सांगितले जाते. पिळाच्या बाबतीत ते मला मान्य आहे, पण टाचेच्या जाडीच्या बाबतीत आकडे उलट सांगतात.

संपूर्ण टाच आणि संपूर्ण नेक सारखेच फुगले असते तर फारसे बिघडले नसते. अडचण अशी की नेकच्या बाजूंना आणि पाठीला पॉलिश असते, पण टाचेचा शेवटचा आडवा काप, स्क्रूंची छिद्रे आणि रॉडच्या खाचेचे तोंड अनेकदा उघडे सोडलेले असतात. आडव्या कापातून ओलावा बाजूंच्या तुलनेत कितीतरी वेगाने शिरतो, त्यामुळे टाचेचे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर आधी फुगतात आणि नेमके तेवढेच टोक वर येते. घडवलेला नेक पॉलिश करताना टाचेच्या या कापावर आणि छिद्रांच्या आत पातळ शेलॅकचे किंवा लॅकरचे दोन-तीन हात द्यावेत. काम पाच मिनिटांचे असते. मात्र उचललेल्या नेकला हे लेपन करण्यापूर्वी तो ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे ठेवून मोजावे, नाहीतर आत शिरलेला ओलावा आपण आतच बंद करून ठेवतो.

दुसरे कारण नवीन बोर्ड चिकटवण्याच्या वेळचे असते. पाण्यावर आधारित पांढरा किंवा पिवळा गोंद सांध्यात ओलावा सोडतो, आणि त्या अवस्थेत बोर्ड घासून सपाट केला तर लाकूड सुकल्यावर तो सपाटपणा टिकत नाही. मी चिकटवल्यानंतर किमान दोन आठवडे थांबतो. घाईच असेल तर ज्यात पाणी नसते असा इपॉक्सी वापरतो. फ्रेट बदलतानाही असाच एक परिणाम घडतो. फ्रेटचा खाचेत जाणारा पाय खाचेच्या मानाने जाड असेल तर प्रत्येक फ्रेट छोट्या पाचरीसारखा काम करतो आणि वीस-बावीस पाचरी मिळून नेकला मागे वाकवतात. रॉड सैल करून तो बाक काढता येतो, पण त्यामुळे मधला भाग आणि टाच यांचे परस्पर नाते बदलते आणि पूर्वी न दिसणारी उचल उघडी पडते. म्हणून फ्रेट बदलल्यावर रॉड नव्याने जुळवून, तारा ताणून, एक-दोन दिवस गेल्यावरच अंतिम घासकाम करावे.

उष्णता देऊन आणि शिकंजात दाबून टाच सरळ करण्याचा मार्गही वापरला जातो. मी तो शेवटचा मानतो, कारण उष्णतेने बोर्डाचा सांधा सुटण्याचा धोका असतो आणि मिळालेला आकार लाकूड कायम राखेल याचा भरवसा नसतो. फ्रेट बदलायचेच असतील तर जुने फ्रेट काढून बोर्डाचे शेवटचे टोक रंध्याने किंवा लांब ठोकळ्याने खाली उतरवणे हा जास्त प्रामाणिक उपाय आहे.

आता फ्रेट घासणे

पॉकेट, स्क्रू आणि ओलावा यांचा बंदोबस्त झाल्यानंतर उरलेली उचल ०.१५ मिलिमीटरच्या आत असेल आणि फ्रेटांची उंची पुरेशी असेल, तर ती घासून काढता येते. हे काम नेक बॉडीला अंतिम पाचरीसह आवळलेल्या अवस्थेतच करावे, सुटा नेक टेबलावर ठेवून करू नये, कारण आपल्याला टाचेचा आवळलेला आकार घासायचा आहे. फ्रेटांच्या माथ्यांवर मार्कर पेनने रेघ ओढावी, बोर्डावर मास्किंग टेप लावावी आणि रॉडने पहिले बारा फ्रेट सरळ करून घ्यावेत. नंतर बाराव्या फ्रेटवर मास्किंग टेपचे एक-दोन थर लावून घासण्याच्या सरळ ठोकळ्याचे एक टोक त्यावर टेकवावे आणि फक्त दुसऱ्या टोकाला चिकटवलेल्या पॉलिश पेपरने पुढचे फ्रेट घासावेत. टेपमुळे ठोकळा किंचित तिरपा राहतो आणि शेवटच्या फ्रेटकडे हलका उतार तयार होतो. शेवटचा फ्रेट सरळ रेषेपेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर खाली गेला की पुरे. हा उतार पुढच्या काळात लाकूड थोडे हलले तरी सामावून घेतो, आणि कमी त्रिज्येच्या, म्हणजे ७.२५ इंचांच्या, गोलाईदार बोर्डावर तार खेचताना स्वर गुदमरण्याचे प्रमाणही कमी करतो. सपाट झालेले माथे पुन्हा गोल करण्यास विसरू नये, कारण सपाट माथ्यावर तार सतारीच्या जवारीसारखी झणझणते आणि तो आवाज बझ समजून माणूस पुन्हा मूळ दोषाच्या शोधात निघतो.

बासवर याच सर्व पायऱ्या लागू पडतात, पण तारेची थरथर मोठी असल्यामुळे तीच उचल तेथे अधिक लवकर ऐकू येते, म्हणून उतार थोडा अधिक ठेवलेला चालतो. नेक बॉडीला चिकटवलेला किंवा बॉडीतून आरपार गेलेला असेल तर स्क्रूची चाचणी करता येत नाही. तेथे उचल बहुधा नेक बॉडीत शिरतो त्या जागेपासून सुरू होते आणि घासकाम किंवा बोर्ड उतरवून फ्रेट बदलणे एवढेच मार्ग उरतात.

काम झाल्यावर चौदाव्या फ्रेटवर दाबून मोजलेला बाक, पट्टीखालची फट, दोन्ही कडांच्या तारांची सतराव्या फ्रेटवरील उंची आणि खोलीतील आर्द्रता हे चार आकडे तारखेसह कागदावर लिहून तो कागद वाद्याच्या पेटीत ठेवावा, आणि दोन आठवड्यांनी व दोन महिन्यांनी तेच चार आकडे पुन्हा घ्यावेत. फक्त बाक बदलला असेल तर रॉडचा आठवा हिस्सा फेरा पुरतो. पट्टीखालची फट पुन्हा दिसू लागली तर रॉडला आणि कानशीला हात न लावता नेक उतरवून मोजावा: उतरवल्यावर फट गेली तर स्क्रू आणि पाचर पुन्हा तपासावी, राहिली तर टाचेचा आडवा काप आणि त्यावरचे लेपन पाहावे. माझ्या त्या बासवर नवे फ्रेट घातल्यानंतर गेल्या दोन वर्षांत बाकाचा आकडा चार वेळा बदलला आहे. पट्टीखालची फट एकदाही परतलेली नाही.